निवटीची आई

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले! घोडबंदर रोड, एकविसावा मजला, आणि दार चक्क माझ्या स्वतःच्या किल्लीने उघडलं. एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच असं घर मिळालंय जिथे फक्त मी राहणार. फ्लॅट कंपनीचा, तीन महिन्यांसाठी. दोन खोल्या, ओटा, गॅस, चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल आणि बाल्कनी. बाल्कनीतून एकीकडे येऊरचा डोंगर, दुसरीकडे दोन टॉवरच्या फटीतून खाडीची पातळ पट्टी. खाली मेट्रोचे खांब आणि त्यांच्यामधून मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गाड्या. मिरजेत आमच्या गल्लीत एक ट्रक अडकला तर दोन दिवस चर्चा चालते. इथे हजार अडकल्यात आणि कुणाला त्याचं काही नाही.

यज्ञेश डोंबिवलीहून गाडी घेऊन आला होता. धाकटा आहे, पण आई गेल्यापासून थोरल्यासारखा वागतो. दाराला साखळी आहे का, नळाला पाणी कधी येतं, सगळं विचारून घेतलं. मेघालीने डबा पाठवला होता, वालाचं बिरडं आणि पोळ्या. निघताना म्हणाला की ताई, तुला एकटीला राहायची सवय नाही, कंटाळलीस की सरळ आमच्याकडे ये. मी म्हटलं, आईला सांभाळताना नऊ वर्षं एकटीच तर होते. ते त्याला लागलं. बोलायला नको होतं.

बाल्कनीत उभी राहून चहा प्यायले. साखर जास्त घातली, कुणी टोकलं नाही. मजा वाटली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

वागळे इस्टेटमधलं ऑफिस पाहिलं. मोठा हॉल, खिडक्यांना काळे पडदे, वीस-एक तरुण मुलंमुली हेडफोन लावून पडद्यावरची चित्रं हलवत बसलेली. कुणी मान वर करत नाही. प्रोड्यूसर मितेश पस्तिशीचा, मुंबईचा, बोलताना खुर्चीत बसत नाही.

काम असं आहे. ‘निवटी’ ही कार्टून मालिका आठ वर्षं चालली, अकरा मिनिटांचा एक असे दोनशे आठ भाग. आमच्या शेजारचं पोर निवटी लावल्याशिवाय घास घेत नाही. आता तिच्यावर टीव्हीसाठी तीन फिल्म्स करायच्यात, नव्वद-नव्वद मिनिटांच्या. मासिकातल्या माझ्या बालकथा वाचून त्यांनी पहिली फिल्म माझ्याकडे सोपवली.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. पाण्यात राहतो आणि चिखलावर चालतोही. त्याच नावाची ही मुलगी, सात वर्षांची. पिवळा फ्रॉक, दोन आखूड वेण्या, पायांना कायम चिखल. खाडीकाठच्या लाकडी घरात एकटी राहते. प्रत्येक भागात कुणाचं तरी काही हरवतं, चष्मा, बोकड, एकदा तर आख्खं लग्नाचं वऱ्हाड, आणि ती ते शोधून आणते. शेवटी घरी येते, दार उघडते, आत ओरडते, “आले गं!” आणि दार बंद होतं. संपला भाग.

मितेशने टेबलावर पोरांच्या पत्रांचा गठ्ठा ठेवला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न. ती ‘आले गं’ कुणाला म्हणते? घरात तर कुणीच नाही.

“समिधा मॅडम, अकरा मिनिटं पोर एकटं चालतं,” मितेश म्हणाला. “नव्वद मिनिटं एकटं ठेवलं ना, तर आईबाप चॅनल बदलतात. निवटीला आई पाहिजे.”

मालिका ज्यांनी निर्माण केली त्यांचं यावर काय म्हणणं आहे, असं विचारलं. देवराम कोळी म्हणून कोपरीचे वयस्कर चित्रकार. सहा वर्षांपूर्वी एकाएकी काम सोडून घरी बसले, फोन उचलत नाहीत, असं मितेश म्हणाला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तीन दिवस भाग बघतेय. एकशे दहा झाले. पोरगी गोड आहे, पण सलग बघितलं की वाईट वाटतं. रोज सगळ्या गावाचं हरवलेलं शोधून देते, गाव म्हणतं शाबास, आणि ही एकटी घरी. दुसऱ्या दिवशी तिला कालचं काही आठवत नसतं. तेवढं बरं आहे म्हणायचं.

काल दिवसभरात मी एकच शब्द बोलले. लिफ्टमध्ये, “एकविसावा.”

दुपारी तीन ते पाच सगळ्यात वाईट. रस्त्याचा आवाज वरपर्यंत येतो पण माणसाचा येत नाही. आई असताना या वेळी तिच्या खोलीतून वाटीवर चमचा वाजायचा. चहा हवा असायचा तिला. मला राग यायचा त्या आवाजाचा.

रविवार, ९ नोव्हेंबर

आईचा पहिला प्रसंग लिहिला. सोपाच ठेवला. निवटी येते, दारातून ओरडते, “आले गं!” आणि पहिल्यांदाच आतून उत्तर येतं, “आलीस? पाय धू आधी.”

संवाद जिभेवर बसतो का ते बघायला मी मोठ्याने बोलून पाहते, जुनी सवय. बोलले. घर रिकामं असल्यामुळे आवाज जरा जास्तच घुमला. पण वाक्य चांगलं आहे. तीनदा बोलले. मग उगाच रडले. मग भात लावला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

समोरच्या दारातल्या हेमाशी ओळख झाली. बँकेत आहे, तिला आठ वर्षांची समीक्षा नावाची मुलगी. हसतमुख बाई. म्हणाली, आमची समीक्षा दोन दिवस तुमच्या लेकीचंच नाव घेतेय, कुठल्या शाळेत घातलंत तिला?

मी म्हटलं, मला मुलगी नाही, लग्नच नाही केलं. ती हसली. मी काहीतरी फिरकी घेतल्यासारखं हसली आणि म्हणाली, घरात ऐकत नाही वाटतं? आमचीही तशीच.

मोठी बिल्डिंग आहे, घोटाळा झाला असेल. पण खाली गेले तर वॉचमन रतनने सांगितलं की ताई, छोटी मघाशीच वर गेली, पाय चिखलाचे होते, मी म्हटलं तिला, आई ओरडेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज बालदिन. सोसायटीत वेशभूषा स्पर्धा होती. लाउडस्पीकर ऐकून खाली गेले, निदान माणसं तरी दिसतील म्हणून. मागच्या रांगेत बसले. सेक्रेटरींनी पहिला नंबर जाहीर केला, निवटीच्या वेशातली, एकविसाव्या मजल्यावरच्या समिधाताईंची मुलगी.

सगळे वळून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. मग सगळ्यांच्या नजरा स्टेजच्या पायऱ्यांवर गेल्या आणि तिथून हळूहळू वर चढल्या, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. तिथे काही नव्हतं. मी नीट पाहिलं. सेक्रेटरी वाकले, हवेत पदक घातलं, हवेतच गालाला हात लावला. त्यांचे हात रिकामे परत आले. पदक खाली पडलं नाही.

मी उठून लिफ्टमध्ये शिरले. वर येऊन कडी घातली.

पदक जेवणाच्या टेबलाजवळ, तिसऱ्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेलं आहे. मी हे लिहितेय आणि ते दिसतंय.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळीच कॅब करून डोंबिवलीला गेले. आपल्या माणसांत गेलं की डोकं ठिकाणावर येईल असं वाटलं होतं. यज्ञेशने दार उघडलं आणि माझ्या मागे बघितलं. निवी कुठे, असं विचारलं. तिला एकटीला ठेवून आलीस?

मी आधी हसले, मग ओरडले. मेघालीने पाणी आणलं. यज्ञेश माझ्या शेजारी बसला आणि अगदी हळू बोलायला लागला. ताई, दमली आहेस तू. आई गेल्यापासून तुला कुणी विसावाच दिला नाही. निवीला आठ दिवस आमच्याकडे ठेव. आणि मग सहज म्हणाला, जसं घरातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं कुणी म्हणावं तसं, की शेवटच्या दिवशी आईने तुझ्या हातून पाणी घेतलं नाही, तोंड फिरवलं, पण निवीने चमच्याने दिलं ते घेतलं, याचं तू अजून मनाला लावून घेतलंस.

त्या खोलीत मी एकटी होते. यज्ञेश दुसऱ्या दिवशी पोचला. आईने तोंड फिरवलं हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मेले तरी सांगितलं नसतं. या वहीतसुद्धा आज पहिल्यांदा लिहितेय.

त्याला कुणी सांगितलं?

येताना मेघालीने पिशवी दिली. आत पिवळा फ्रॉक. निवीच्या मापाचा, म्हणाली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ऑफिसमधून पत्ता मिळवून कोपरीला गेले. कोळीवाड्याच्या कडेला बैठं घर, ओट्यावर सुकत घातलेली जाळी. देवराम कोळी सत्तरीचे, अंगात गंजी, बोटांवर अजून शाईचे डाग. मी नाव सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं,

“आयस लिवलीस तिला?”

हो, तिला आई लिहिली, म्हटलं. त्यांनी आत जाऊन चहा केला. तीन कप. एक मला, एक त्यांना, तिसरा त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवला आणि आत बघून म्हणाले, सुमती, पाव्हणी आलीय गो. आत कुणी नव्हतं. बायको वारली असेल, म्हातारपणी असं होतं, असं मला वाटलं.

मग त्यांनी सांगितलं. दोघांना मूल नव्हतं. निवटी हेच पोर. सुमतीबाई रोज म्हणायच्या, एका भागात तरी तिला आई द्या. शेवटी तो भाग त्यांनीच लिहिला. मग कोळीवाड्यात लोक विचारायला लागले, तुमची पोरगी दिसली, तुमची पोरगी जेटीवर होती. या दोघांना मात्र ती दिसत नव्हती. सुमतीबाईंनी ध्यास घेतला, मला एकदा बघायचीय. लिहीत गेल्या, लिहीत गेल्या. आणि एक दिवस दिसली त्यांना.

“मग?” मी विचारलं.

“मंग सुमती मना दिसाची बंद झाली,” ते म्हणाले. “लोकं पोरीला इसरली, सुमतीला पन इसरली. तिचा सख्खा भाव बोलतो, तुजं लगीनच झालं नवतं. मी नाय इसरलो. मी रोज च्या ठेवतंय.”

मी काय करू, असं विचारलं. आई काढून टाक, म्हणाले. आता, आजच. आणि काही झालं तरी पोरीला बघायची इच्छा धरू नको.

उठताना उंबऱ्याकडे नजर गेली. कप रिकामा होता.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आई काढून टाकली. एकोणीस प्रसंग. नवीन शेवट लिहिला, निवटी एकटीच होडीत बसून खाडीतून दूर निघून जाते. दुपारी मितेशला पाठवलं. त्याचा वैतागलेला फोन आला, मी उचलला नाही.

किती हलकं वाटतंय. पदक आणि फ्रॉक कचऱ्याच्या पिशवीत घालून खाली देऊन आले.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हेमा आली. चेहरा उतरलेला. दोन दिवस छोटी खेळायला आली नाही, आजारी आहे का?

मी म्हटलं, मला मुलगी नाही.

या वेळी ती हसली नाही. माझ्याकडे बघत मागे सरकली. मग रतनला बोलावलं. तो म्हणाला, गुरुवारी दुपारी छोटी एकटीच गेटमधून बाहेर पडली, खाडीच्या रस्त्याने गेली. ताईंना माहीत असेल असं वाटलं त्याला. बोलता बोलता त्याला रडू आलं.

खाली माणसं जमलीत. सोसायटीच्या ग्रुपवर सारखे मेसेज येतायत. ‘पिवळा फ्रॉक, वय सात.’

रविवार, २३ नोव्हेंबर

पोलीस आले. एक बाई कॉन्स्टेबल होत्या, माझ्याशी फार मायेने बोलल्या. मुलीचा फोटो मागितला. माझ्याकडे नाही म्हटलं तर हेमाने तिच्या फोनमधला दिला, बालदिनाचा. सगळे त्याभोवती जमले. कुणीतरी बोटांनी तो मोठा केला. हेमा हुंदके द्यायला लागली, किती गोड हसतेय बघा म्हणाली.

मला फोटोत फक्त स्टेजवरची सतरंजी दिसली.

मी परत सांगितलं, माझ्या पोटी मूल झालेलं नाही. तेवढ्यात यज्ञेश आला. मला वाटलं आता हा मला घरी नेईल. तो दारातच उभा राहिला.

“ताई, काय केलंस तू तिचं?”

चाळीस वर्षांत त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

घर सोडायचं नाही असं सांगितलंय. मेघाली दिवाणखान्यात बसलीय, माझ्याशी बोलत नाही. गायमुखच्या खाडीत होड्या घातल्यात, गळ टाकून शोधतायत. बाल्कनीतून ती खाडीची पट्टी दिसते. त्यावर ठिपके हलतात.

उद्या मला पोलीस ठाण्यात बोलावलंय. चौकशीला. हेमाने जबाब दिलाय की मी मुलगी असल्याचंच नाकारते.

दुसरं काय करणार होते मी? लॅपटॉप उघडला. दहा ओळी. आई खाडीकाठी येते. हाक मारते. चिखलातून निवटी वर येते.

शेवटचा पूर्णविराम दिला आणि खालून ओरडा ऐकू आला. सापडली, सापडली म्हणून.

हेमा वर घेऊन आली. म्हणजे हेमाचे हात असे धरलेले होते, पोर कडेवर घेतल्यासारखे, कंबर एका बाजूला झुकलेली. तिच्या साडीवर चिखल होता, खरा. तिने माझ्यापुढे हात केले. सगळे बघत होते. मी हात पुढे केले. काहीच वजन नव्हतं. मी कवटाळलं तरी. सगळे रडले. यज्ञेशने माझ्या खांद्याजवळच्या हवेवरून हात फिरवला आणि म्हणाला, चुकलो गं ताई.

मग सगळे गेले.

बुधवार, २६ नोव्हेंबर

दोन ताटं वाढते. वरणभात, वर तुपाची धार. एक तसंच राहतं.

ती इथेच आहे. सगळ्यांना दिसते. रतनला, हेमाला, दूध टाकणाऱ्याला. सगळ्यांची आहे, फक्त माझी नाही.

विचारलं तिला मोठ्याने. आजीने घेतलं का गं पाणी तुझ्या हातून?

देवरामकाकांनी काय सांगितलं ते लक्षात आहे. शब्दन् शब्द आहे. असंच चालू ठेवलं तर काही होणार नाही. तीन महिने न दिसणाऱ्या पोरीची आई म्हणून काढायचे, मग मिरज. तिथे तर ते घरही आता रिकामं —

एकदा. एकदाच बघून विचारायचं.

लिहिलं. ‘आई निवटीच्या चेहऱ्याकडे पाहते.’

खोडलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दिसली.

दुपारी साडेतीनला. तिसऱ्या खुर्चीत. चित्रातल्यासारखी नाही. फ्रॉकचा पिवळा रंग विटलेला, गुडघा सोललेला, पुढचा एक दात पडलेला. केसांना खाडीचा वास.

मी विचारलं. ती म्हणाली, “हो. दोन चमचे. मग तिने विचारलं, समिधा जेवली का.”

मी तिच्या पायाशी बसून किती रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थंड होता, ओला. मला कशाचंही काही वाटलं नाही.

पाय धुतले तिचे. वेण्या घातल्या.

शनिवार, २९ नोव्हेंबर

खाली गेलो दोघी. रतनने मान वर केली नाही. दोनदा हाक मारली. तो फोनवर क्रिकेट बघत राहिला.

हेमाची बेल वाजवली. तिने दार उघडलं, जिन्याकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं, दार लावलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. हेमा, मी — म्हणेपर्यंत —

सोमवार, १ डिसेंबर

यज्ञेशला फोन लावला. हॅलो, हॅलो म्हणाला. कोण आहे? मी ओरडत होते. कुणीतरी त्रास देतंय, असं मेघालीला म्हणाला. ठेवला.

निवटी म्हणते, सवय होते.

बरं. ती आहे ना. दोघी आहोत. रात्री कुशीत झोपते. अजून काय हवं होतं मला —

मंगळवार, २ डिसेंबर

निवटी गेली.

सकाळी स्वतःच फ्रॉक घातला. कुठे, विचारलं. म्हणाली, मितेशने दुसऱ्या फिल्मला दुसरी बाई घेतली. वसंत विहारला राहते. एकटी आहे. तिने आई लिहायला घेतली काल.

मी म्हटलं, मग मी?

तिने खांदे उडवले. सुमतीलापण असंच वाटलं होतं, म्हणाली. वाईट नव्हती बोलण्यात. पोरं बोलतात तसं.

मी दारात आडवी झाले. ती माझ्यातून —

बुधवार, ३

चालत कोपरीला गेले. सगळा घोडबंदर रोड, माजिवडा, स्टेशन. कुणाचा धक्का लागला नाही.

देवरामकाका ओट्यावर. मी समोर उभी. काका, मी. तेच दोन कप मांडले त्यांनी. त्यांचा आणि उंबऱ्यावरचा. तिसरा नाही.

आत चुलीपाशी एक बाई बसलेल्या. सुमतीबाई. त्या मला दिसल्या. मीही त्यांना. कपाला दोन्ही हात लावून बसल्या, कुणी काढून घेईल अशा.

मला निदान तो रोज चहा ठेवतो, असं त्यांच्या डोळ्यांत —

परत आले. कुठे जाणार.

गुरुवार, ४

यज्ञेश आलाय! आत्ता. मेघाली पण. किल्ली कंपनीतून आणली. फ्लॅटमध्ये कुणाचं तरी सामान राहिलंय, त्यात तुमचा नंबर सापडला, असं सांगितलं म्हणे त्यांनी.

कुणाचं तरी.

मेघाली साड्यांच्या घड्या घालतेय. कुणाच्या असतील हो, म्हणते. तो म्हणतो, माहीत नाही. मी अगदी जवळ. यज्ञेश. अरे मी. यज्ञू.

वही घेतली त्याने. टेबलावर ठेवून वाचतोय, पहिलं पान. मी मागच्या पानांत बोटं घालून — पेन्सिल आहे —

त्याचा चेहरा. ‘धाकटा आहे, पण’ वाचून थांबला. मेघालीला म्हणतो, यात आपली नावं आहेत. डोंबिवली, मेघाली, वालाचं बिरडं. कुणीतरी गोष्ट लिहिलीय आपल्यावर.

गोष्ट नाही रे —

पानं उलटतोय. बालदिन. भराभर नको, नीट वाच. आईचं आलं. पाणी. थांबला. डोळ्यांत पाणी आलंय त्याच्या. हे कुणाला कसं माहीत, म्हणतो. तुला आठवतंय. आठव. त्या खोलीत कोण होतं, यज्ञू, आई एकटी नव्हती, कोण होतं तिच्यापाशी —

मेघाली म्हणते, चला, ट्रॅफिक वाढेल.

तो थांब म्हणतो. अजून पाच-सहा पानं. ये. ये इथपर्यंत. या पानावर आलास की अक्षर उमटताना दिसेल तुला, माझं —

कोपरी. पोलीस. ‘दिसली.’ आता दोनच पानं राहिलीत.

मेघालीने बॅगेची चेन लावली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणते, कुणाचं तरी दुःख असेल, आपण कशाला वाचायचं. तो डोळे पुसतो. हो म्हणतो. नको रे हो म्हणू. एक पान. यज्ञू एक पान उलट, मी इथे तुझ्या डाव्या हाता